शरद ते सोनाका

कॅनडा कॉर्नरला, चष्म्याच्या दुकानावर, पहिला मजला.
सकाळी सात. उपाशीपोटी आलेले सगळे
भिंतीकडे बघत बसलेले.
म्हातारे बरे, बाही आपणच वर करतात.
लहान मूल रडतं, आई धरते, आटोपतं.
अडतं ते पंधरा-सोळाच्या वयात.
त्यांना धरता येत नाही, सोडताही येत नाही.

एकीने स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढून धरलेली.
"दुसऱ्या हाताचं घ्या."
घेतलं. काही विचारलं नाही.
आईला फक्त फॉर्म आणायला खाली पाठवलं.
खाली फॉर्म नसतोच.
त्या तीन मिनिटांत ती काय बोलली
ते मी इथे लिहिणार नाही.

ओजस पिंगळे, सोळा, दिंडोरीचा, उंची पाच-अकरा.
सोबत काका, आणि काकांचा मोबाईल.
"घाबरतोस काय? थांब, शूटिंगच करतो."
"मी नाही घाबरत," तो सुईला म्हणाला.
तिथेच मला कळायला हवं होतं,
आडवं करायला हवं होतं आधीच.
बावीस वर्षं हेच काम, तरी खुर्चीतच बसवलं.

रबर आवळलं. शीर ठसठशीत वर आली,
सुई लागली आणि
गोदाघाटावरची पोरं नाण्यामागे बुडी मारतात
तशी गेली खाली.
मी सुई थोडी मागे घेतली, वळवली, पुन्हा.
जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन थेंब.
"काका, जांभई येतेय..."
ओठ पांढरे, कपाळावर दव,
आणि पाच-अकराचा तो अख्खा
माझ्या खांद्यावर.

फरशीवर झोपवला. पाय खुर्चीवर.
काकांचा मोबाईल अजून सुरू होता;
हिसकावून पालथा घातला.

"लाईट गेली होती का?"
मग जरा वेळाने, छताकडे बघत:
"छाटणी झाली की काडीतून पाणी गळतं ना मॅडम,
मी तासतास बघत उभा असतो.
तेव्हा काही होत नाही."
म्हटलं, वेलीला कुणी विचारत नाही,
घाबरतेस का म्हणून.

नमुना अपुरा, असं लिहिलं वहीत.
अपुरं कुणाचं काय पडलं, त्याला रकाना नाही.

आठ दिवसांनी आला, एकटा, एसटीने.
बाही वर केली. कोपराच्या आत माझी चूक
तळहाताएवढी पसरलेली.
"आधी शरद होतं, काळंभोर.
आता बघा, सोनाका.
आमच्या बागेत असं उलटं पिकत नाही."
मी सॉरी म्हणणार, तोवर
तो स्वतःच बाकावर आडवा झाला.
"आता भीती वाटतेय," म्हणाला. "घ्या."

एका टोचणीत आलं.
नळी आठदा उलटसुलट केली, नाव लिहिलं,
पिंगळे मधला अनुस्वार राहिला, तो नंतर दिला.
"दाबून धर. दोन मिनिटं. आणि बघू नकोस."
कापसाचं टोक उचलून
तो बघत होता.