अक्षरामागे दहा पैसे

बोहरी आळीत, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
एक लाकडी खोका, एक मशीन,
वायर दुकानातून ओढलेली.
पन्नास वर्षं मी लोकांची नावं घालतो.
घालतो. ठेवत नाही.
ठेवायला अख्खं पुणं बसलंय.

सुरुवातीला अक्षरामागे दहा पैसे,
जोडाक्षराचे दोन धरायचे, असं उस्तादांनी शिकवलेलं.
त्यामुळे त्र्यंबकच्या आईशी हुज्जत व्हायची,
अन् कमल, विमल, शालन, मालन
स्वस्तात सुटायच्या.
तेव्हा पातेल्यांवर बसायच्या
शेवंता, चांगुणा, हौसा.
मग एका लग्नसराईत शेवंता आलीच नाही.
पुढच्या वर्षी चांगुणा.
कुठे गेल्या, कुणी सांगितलं नाही,
मी विचारलंही नाही. मनीषा आल्या होत्या,
एका दिवसात सात.

आता मोबाइल पुढे करतात.
त्यात नाव इंग्रजीत.
मी विचारतो, ऱ्हस्व की दीर्घ?
आई बाबांकडे बघते, बाबा मोबाइलकडे.
परवाची वाटी चांदीची, नाव रेयांश.
अर्थ काय हो, म्हटलं.
आहे काहीतरी, म्हणाले, सूर्याशी संबंधित.

एक बाई आल्या, काठी टेकत, हातात डबा.
काय घालू?
बेबी.
नातीचं का?
माझं. बहात्तरावं चालू आहे.
मतदार यादीतही बेबीच.
दवाखान्यात नर्स ओरडते, बेबीला घेऊन आत या,
अन् मी एकटीच उठते.
हसल्या. मग डबा पदरानं पुसत म्हणाल्या,
पाच भावांवर झाले मी.
तेव्हा सबंध नाना पेठेत हे नाव कुणाचं नव्हतं.
केवढी ऐट होती माझी.

माझं धोंडू.
अधिक महिन्यातला जन्म,
आत्यानं कानात कुर्र केलं अन् दगड ठेवला.
शाळेत हजेरी घेताना मास्तर त्या नावापाशी थांबायचे,
वर्गाचं हसून होईपर्यंत.
पुढे उस्ताद म्हणाले, हात बसायला
आधी स्वतःचं नाव घाल, फुटक्या झाकणावर, शंभर वेळा.
मी घातलं राजेंद्र.
शंभरच्या शंभर वेळा.
उस्तादांनी झाकण उजेडात धरलं.
द्र चांगला आलाय, एवढंच म्हणाले.

अन् लग्नात तांदळात अंगठीनं मीच लिहिलं, सुहासिनी.
मीच निवडलेलं. वळणदार, तेव्हा चालायचं.
पहिलं वर्षभर हाक मारली
की ती मागे वळून बघायची,
कुणाला बोलावतोय.
घरातल्या एकूण एक भांड्यावर तेच नाव,
बाजूला दोन पानं अन् एक फूल, फुकट.

गेल्या रविवारी तिनं चहापत्तीचा डबा रिकामा केला,
घासला, पुसला, माझ्यापुढे ठेवला.
म्हणाली, ठकू घाल.
कुठे?
झाकणाला, आतून.
पन्नास वर्षांत ठ फारसा हाताखालून गेलेला नाही.
गोल जरा चपटाच झाला.
तिनं त्यावरून बोट फिरवलं. चालेल, म्हणाली.
किती झाले?
दोन अक्षरं, वीस पैसे.
मांडून ठेव, म्हणाली, अन् पत्ती परत भरायला घेतली.

आज एक कॉलेजची मुलगी, इरावती,
हॉस्टेलवर न्यायचा डबा.
पैसे पाठवता पाठवता थांबली,
स्क्रीन माझ्याकडे वळवली.
काका, इथे धोंडू येतंय. तुमचंच ना?
मागे टेम्पो अडकलेला, हॉर्न चाललेले,
दुकानातली पोरं माझ्याकडे बघत होती.
हो, म्हटलं.
माझंच. पाठव.