तीन ठिपके

बाबगोंडा म्हणाला, साठच्या पुढं गेलं की
आरशातला मागचा ट्रक दोन दिसतोय.
बॉनेटवर हात ठेवून बोलत होता, जणू गाडीला ताप आहे.
हौद्यात गुळाचे रवे, मार्केट यार्डात उतरायचे,
तरी आधी माझ्या दारात आला. उद्यमनगरात
लेथ अजून चालू होते,
पलीकडच्या फौंड्रीत ठोकाठोक.

मी म्हटलं, चल, दाखव.

उजळाईवाडीपर्यंत गेलो. पन्नास, काही नाही.
अठ्ठावन्न, आणि सीटखाली कुणीतरी दळायला बसलं.
स्टिअरिंग मात्र शांत. म्हणजे पुढची चाकं नव्हेत.
न्यूट्रल कर, म्हटलं.
इंजिन खाली बसलं, गाडी आपल्या वजनानं पळत राहिली
आणि दळण चालूच.
इंजिनावरचा आळ गेला.
मागचे टायर? कालच बॅलन्स केले, त्यानं पावती काढली,
घामानं ओली.

राहिला शाफ्ट.

खड्ड्यात उतरलो. क्रॉस हलवून बघितले, घट्ट.
सेंटर बेअरिंगचं रबर अजून रबरासारखं.
डायल लावून नळी हातानं फिरवली, काटा हलेना.
वजनाची पट्टीसुद्धा वेल्डिंगसकट जागेवर.

हुसेन उस्ताद म्हणायचे,
सगळं बरं दिसलं की माणसानं लावलेलं बघ.

डिझेलचा बोळा घेऊन स्लिप जॉइंटचा चिखल पुसला.
इकडं तीन ठिपके, सेंटर पंचचे.
त्यांच्या समोर तीन हवेत.
ते होते पाव फेरा पलीकडं.
एक योक उभा, एक आडवा;
पहिल्या क्रॉसचा हिसका दुसऱ्यानं गिळायचा,
तर तो वाढवून पुढं देत होता.

तीन ठिपके मारायची सवय या गल्लीत
उस्तादांची. त्यांच्यामागं फक्त माझी.
वही उघडायची गरज नव्हती.
खंडेनवमीची संध्याकाळ, याच गाडीचे क्रॉस बदललेले,
आणि पोरं ओरडत होती, पाने द्या, धुवायचेत,
पूजेला मांडायचेत.

सापडलं का वो? वरनं बाबगोंडा.

खड्ड्यातून बघितलं की माणूस फार उंच दिसतो.
सापडलं, म्हटलं. ह्यात हात माझाच हाय.
फौंड्रीच्या दणक्यात त्याला हात तेवढा ऐकू गेला.
वाकून त्यानं आपला हात खाली दिला.
मी धरला. वर आलो. पाना घेऊन परत उतरलो.

आठ नट, एक ओढ, पाव फेरा,
ठिपक्यासमोर ठिपका.
एवढंच काम.

सरनोबतवाडीच्या पुढं त्यानं सत्तर गाठली.
गाडीत इतकं शांत की मागं रव्यांवरचा
ताडपत्रीचा कोपरा फडफडतोय ते कळत होतं.
आता दणका नव्हता, म्हणून परत सांगितलं,
सगळं, खंडेनवमीपासून.
पैसे घेणार न्हाई, हेही.

बाबगोंडा बराच वेळ आरशात बघत राहिला.
एकच दिसतोय आता, म्हणाला.