स्टेपनी तेवढी आपली

जालना, एमआयडीसी, फेज थ्री.
मिलच्या गेटबाहेर माझा सत्ताविसावा नंबर.
रांग पार वजनकाट्याच्या मागं गेलीय
आणि मी स्टिअरिंगवर वही टेकवून
परत तीच बेरीज करतोय.
आहे वजाबाकीच, पण बेरीज म्हणायची पद्धत आहे.

पंचवीस टन सळई, नागपूर, टनाला बाराशे.
तीस हजार.
हे तीस हजार फक्त बिल्टीवर एकत्र राहतात.
डिझेलला जातानाचेच साडेनऊ,
मुनशीचे दोनशे, काट्याचे दीडशे,
ताडपत्री ओढणाऱ्या पोराचे शंभर.
समृद्धीनं गेलो तर टोल,
मेहकरवरून जुन्या रस्त्यानं गेलो तर कमानीचं पान मोडतं.
पैसे जायचेच, तर टोलनाक्याला द्यावेत
की अफसर मिस्त्रीला?
अफसर निदान चहा पाजतो.

उरलेलं भाडं पोहोच पावतीनंतर.
पावती येते. पैसे "सोमवारी".
सुराणा शेठच्या कॅलेंडरात महिन्याला एकच सोमवार असतो,
तोही सुट्टीचा.
हप्त्याची पाच तारीख मात्र
दर महिन्याच्या पाच तारखेलाच येते.

एकसष्ट हजार तीनशे. अठ्ठेचाळीस वेळा.
वर एक लाख दहा हजार,
आणि त्यानंतर
"मालकी हस्तांतरणाचा विचार करण्यात येईल."
विचार!
पान चौदा, खालून तिसरी ओळ.
सही करताना मी पहिलंच पान वाचलं होतं,
त्यावर ठळक अक्षरात माझं नाव होतं:
सर्जेराव किसन ढगे, मालक-चालक.
त्या दोन शब्दांमधल्या बारक्या रेघेवरून
दीड वर्ष झालं, मी गाडी चालवतोय.

एकोणिसावा हप्ता गेला त्या रात्री द्वारकानं विचारलं,
"मग आता किती गाडी आपली झाली?"
म्हणालो, कॅबिन झाली. थोडं इंजिनबी.
ती बचत गटाचा हिशेब लिहिते, तिला गुंडाळता येत नाही.
"लीज म्हंजे भाडंच की ओ.
भाडं भरून कुनाची भिंत आपली होती का?"
समीक्षा अंथरुणातून म्हणाली,
"हॉर्न तरी?"

हॉर्न नाही. आरसे नाहीत.
मागच्या फळीवर समीक्षाचं नाव आहे,
रंगाचे सातशे मी दिले, फळी त्यांची.

स्टेपनी तेवढी आपली.
उन्हाळ्यात सिंदखेडराजाच्या अलीकडं टायर फुटला.
कंपनीला फोन केला, म्हणाले देखभाल तुमच्याकडं.
कासमकडून नवा घेतला, एकवीस हजार रोख,
बिलावर नाव माझं.
आणि घेतला तो सरळ स्टेपनीच्या जागी टांगला.
घासलेलाच परत लावला पुढं, डाव्या बाजूला.
कासम बघतच राहिला.
"येडे हो क्या ढगे? नवा टायर कोन टांगतो?"
काय सांगू त्याला,
जे रस्त्याला लागतं ते हप्त्यात झिजतं.
एक तरी वस्तू
कोरी राहू दे म्हटलं.

आज दुपारी डबा देताना द्वारका गाडीभोवती फिरली.
डाव्या टायरवर हात फिरवला.
हाताला नक्षी लागली नाही, तार लागली.
बोटाकडं बघत म्हणाली,
"टायर आपला म्हनून टांगून ठिवलाय.
अन् चालवनारा कुनाचाय?"
डबा दिला आणि ऑटोत बसून गेली.
भाजीत मीठ जास्त होतं.

वही मिटली.
क्लीनर परवडत नाही, तेव्हा जॅक मीच लावला.
गाडी रिकामी आहे तोवर उचलते.
चार नट निघाले, पाचवा गंजलेला,
पान्यावर उभा राहून त्याच्याशी भांडतोय.

तेवढ्यात रांग हलली.
मागचा हॉर्न वाजवतोय,
त्याच्याही मागचा वाजवतोय.
वाजवा.
हॉर्न तुमचेही नाहीत, मला माहीत आहे.