बेचाळिसावा तुकडा

ताकुआरेम्बोच्या उत्तरेला टेकड्या
पालथ्या घातलेल्या परातींसारख्या, एकीमागे एक.
त्यांच्यावरून तीन आठवडे आम्ही एकच रेघ ओढत होतो,
सात तारांची.
मी सतराचा. आदेमार साठीच्या पुढचा,
डाव्या करंगळीचं वरचं पेर नसलेला.
ते एका तुटलेल्या तारेनं नेलं, म्हणायचा,
आणि परत द्यायला काही ती आली नाही.

कोपऱ्याचा खांब छातीइतका खोल.
मी खड्ड्यात, तो काठावर हातात माते घेऊन:
"अजून खण. या खांबाला उभं राहायचं नाहीये,
ओढ सोसायचीय.
नुसतं उभं काय, कुणीही राहतं."
माती मूठमूठ सोडायची, पहारीच्या बुडानं धुमसायची.
काढलेली सगळी परत मावली नाही
तर तो माझ्याकडे असा बघायचा
जसा मी उरलेली माती कुठूनतरी चोरून आणलीय.

मग तारा. भोकाभोकांतून ओवत नेलेल्या.
चक्री फिरवताना तो तारेला कान लावायचा,
नखानं छेडायचा.
"ही झोपलीय."
एक दात आणखी.
"आता बोलली. बास.
जानेवारीत फार ताठ केलीस तर जुलैत तुटेल."

शेवटची गाठ मी मारली. दोन वेढे, परत स्वतःवर तीन,
शेपूट पकडीनं कापलं.
दूर एक टिटवी उगाच ओरडली.
मी हातमोजे काढले, म्हटलं, झालं.

"झालं?" आदेमारनं गोणपाट पसरलं.
"सात तारा, तीन टप्पे, प्रत्येकीची दोन टोकं."
मी मनात म्हटलं, सात सक बेचाळीस.
तुकडे ओळीनं मांडले, बोटाएवढे, काही वाकडे.
एक्केचाळीस.
त्यानं पुन्हा मोजले. पुन्हा एक्केचाळीस.

तेव्हा त्यानं त्याच्या गाईबद्दल सांगितलं, ओव्हेराबद्दल.
एकुलती. दोन मुलींचं दूध तिच्यावर.
एका शरदात कोपरं बाहेर काढून उभी राहायला लागली,
उतारावरून चालेना,
बसताना कण्हायची.
खाटकानं पोट उघडलं तेव्हा काळजाला टेकलेला
एवढासा तुकडा.
"चाऱ्याबरोबर गेला. गाय चावून बघत नाही रे, गिळते.
कापलेलं टोक मी ओळखलं.
माझ्याच पकडीला तिथं खाच होती."

दोरीला लोहचुंबक बांधून तो गवतातून ओढत निघाला.
मी गुडघ्यांवर. खांब ते खांब.
दोन जुने खिळे, पट्ट्याचं एक बक्कल,
नालेचा अर्धा तुकडा.
ऊन तारांवरून घसरत गेलं, खालच्या तारेवर टेकलं.

एकोणिसाव्या खांबाशी मला आठवलं.
दुपारी माझ्या बुटाचा तळ उघडला होता
मगरीच्या तोंडासारखा,
आणि मी जवळ पडलेल्या तारेनं तो आवळला होता.
मी बोललो नाही.
आणखी दोन खांब रांगलो,
खोटं शोधत,
आणि तो माझ्या पुढे, कंबर धरून, खरं शोधत.

मग बसलो. बुटाची तार उलगडली.
त्यानं ती घेतली, गोणपाटावर ठेवली,
ओळीच्या टोकाला, नीट सरळ करून.
शिवी नाही, काही नाही.
गोणपाटाची गुंडाळी केली, ट्रकमध्ये सीटखाली टाकली.
परत येऊन पँटची दोरी काढली,
माझा बूट आपल्या मांडीवर घेतला,
आणि चार बोटं आणि एका अर्ध्यानं
तळ बांधून दिला.
घरी जाईपर्यंत एका हातानं पँट धरून चालला.

सकाळी कालवडी सोडल्या. चाळीसेक.
आधी तारेला नाकं लावत
पार कोपऱ्यापर्यंत गेल्या, फुरफुरल्या, परतल्या.
मग एकोणिसाव्या आणि एकविसाव्या खांबाच्या मध्ये,
जिथं गवत माझ्या गुडघ्यांनी अजून लवलेलं होतं,
तिथं तोंड खाली घालून
चरायला लागल्या.