बाकाखाली

चौपन्न सालच्या सप्टेंबरात
प्रतिज्ञेच्या मधोमध मी खडूने दोन शब्द घुसवले
आणि म्हटलं, मुलांनो, आजपासून असं.
नेब्रास्कातली आमची शाळा, दोन खोल्यांची.
खिडकीबाहेर वाळू लागलेला मका,
आत सव्वीस हात सव्वीस छात्यांवर.

पहिल्या दिवशी प्रतिज्ञा ठेचकाळली.
जिभांना जुनी वाट पाठ होती.
निम्मा वर्ग पुढे पळाला, निम्मा देवापाशी थांबला,
आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द, 'अविभाज्य',
तिथे तर जो तो आपापल्या वेळी पोचला.
मला हसू आलं. मी ते खोकल्यात ढकललं.

आठवड्याभरात घडी बसली,
तिसऱ्या रांगेतली एक सुरकुती सोडून.
बोझेना क्रातोखविल. लोहाराची धाकटी.
त्या दोन शब्दांपुरते ओठ मिटायची,
हात मात्र छातीवरच.
मग अलगद पुन्हा सामील व्हायची,
दोरीवरच्या उड्यांत मुली शिरतात तशी.

मधल्या सुट्टीत विचारलं.
म्हणाली, "घरी आम्ही बोलतो ते खरं बोलतो, मिस."
उद्धटपणा औषधालाही नव्हता.
तिचा आजोबा ओढ्यापलीकडच्या दफनभूमीत,
जिथे एकाही दगडावर क्रूस नाही,
नुसती नावं, सालं, एकावर ऐरण कोरलेली.
(तिच्या नावातच देव दडलाय
हे मला फार उशिरा कळलं.
तिला कधी सांगितलं नाही.)

मी रविवार न चुकवणारी बाई.
तरी वहीत काही लिहिलं नाही.
राईचा पर्वत कशाला, असं मनाशी म्हटलं.
खरं तर भ्यायले होते,
कोणाला, ते अजून नक्की सांगता येत नाही.

ऑक्टोबरात तपासणीला टटल साहेब आले.
तिसऱ्या रांगेमागे जाऊन उभे राहिले, टोपी हातात.
तो शब्द आला,
आणि शेजारचा एर्विन, पाद्रीबाबांचा मुलगा,
एवढ्याने ओरडला की खिडकीची काच थरारली.
दोघांचा देव एकट्याने म्हटला त्याने.
भक्ती होती, की खोडी, की आणखी काही?
साहेबांनी कान चोळला. शेरा दिला: उच्चार उत्तम.

त्याच दुपारी बॉम्बची कवायत.
शिट्टी वाजली, सगळे बाकांखाली,
गुडघ्यात डोकी, मानेवर बोटं गुंफलेली.
शांततेत छोट्या लेनोराचा आवाज:
"मिस, देवाच्या खाली म्हणजे असंच का?"

कोणीच हसलं नाही.
बाकांच्या पोटाला चिकटलेला च्युइंग गम,
एर्विनचा सुटलेला बूट,
बोझेनाची वेणी फरशीला टेकलेली.

माझ्या टेबलाला खाली सगळे खणच.
शिरायला जागा नव्हती.
मी उभी होते, हातात शिट्टी,
दुसऱ्यांदा कधी वाजवायची ते आठवत.