साडेपाच तास

सातपूरहून अंबडला टपाल निघतं
ते त्र्यंबक रस्त्याने जात नाही.
आधी सिंगापूर, मग मुंबई,
मग चाळणीपाशी चौकशी: कोण तू, कुणाचा, सही दाखव.

कंपन्या एक होऊन दोन वर्षं झाली.
पाट्या बदलल्या, कँटीनची कुपनं बदलली,
सर्व्हर मात्र अजून
एकमेकांना अहो-जाहो करतात.

मी मधला. तुंबलेल्या रांगा उपसतो.
‘राजोळे’ पलीकडे गेले की
सहा प्रश्नचिन्हं होतात.
मोजलीत मी,
काना-मात्रासुद्धा विचारतात: कोण?

त्या गुरुवारी राजोळे रिटायर झाले.
समारंभ चारचा.
अंबडच्या कॅलेंडरला वाटलं चार म्हणजे लंडनचे चार,
त्याने इमानदारीत साडेपाच तास मिळवले.

रात्री साडेनऊला गेटवर हनीफ कोकणी,
इस्त्रीचा शर्ट, काखेत चिवड्याचा डबा.
हॉलमध्ये उलट्या ठेवलेल्या खुर्च्या.
“पंच्याऐंशीला एकाच लेथवर शिकलो आम्ही.
बोटं त्याने वाचवली माझी.”

मी टाइम झोन समजावू लागलो,
फळ्यावर दोन ढग काढले, मधे बाण.
ते ऐकत राहिले, चष्मा पुसत.
“म्हणजे चूक कुणाचीच नाही?”
कुणाचीच नाही, म्हणालो.
“मग अवघड आहे,” म्हणाले,
डबा उघडून मूठभर चिवडा
माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला, कागदावर,
आणि स्कूटरला किक मारली
अशोकनगरच्या दिशेने.

नोंदवहीत लिहिलं:
२१:५२. एक निरोप, हाती रवाना.
पोच अजून आलेली नाही.