नमुना क्रमांक सात

शिरोळकडच्या ओढ्याकाठची सात ढेकळं
सकाळी सात ग्लासांत सोडली.
पाणी पावसाचं, साठवून ठेवलेलं.
ढवळायचं नाही, एवढाच नियम.
मातीला आपणहून बोलू द्यायचं.

पहिलं बुडबुडे सोडत फुटलं, तळाशी बसलं,
पाणी मात्र नितळ.
दुसरं तसंच. सहाव्यापर्यंत तसंच.
सातवं बराच वेळ गप्प.
मग त्याच्या कडेनं, ओली काडी धुमसावी तसं
पांढुरकं काहीतरी सुटायला लागलं
आणि मी चहा पिऊन येईतो
ग्लास पार दुधाळ.

चोपण.
कणाकणांत सोडियम शिरलेलं,
कुणी कुणाचं राहिलेलं नाही.

ती घळ मी पाहिली आहे.
वरून जमीन शाबूत, वेडी बाभूळ, शेळ्यांची वाट;
आत पाण्यानं घुशीसारखी बिळं पाडलेली.
जिनगोंडा मगदूम सांगत होते,
"हितं माझं रेडकू उभ्या उभ्या खाली गेलं.
पाऊस न्हाई, काय न्हाई, चांगलं ऊन पडल्यालं.
आन् हंबरणं ऐकू येतंय कुठनं,
तर तिकडं, ओढ्याच्या दरडीतनं!"
दरडीवर ओघळी, दाट,
फणीनं विंचरल्यासारख्या.
बोट लावलं की पीठ.
हातभर पलीकडं चुनखडीचे खडे असलेली माती
जशीच्या तशी उभी.
तोच पाऊस, तोच उतार.

संध्याकाळी बापट कॅम्पात घरी आलो.
आई साच्यांना तेल पुसत बसली होती.
उरलेला तुकडा खिशातून काढून दिला.
तिनं जिभेला लावला, थुंकली,
दोन थेंब पाण्यात अंगठ्यानं मळून बघितला.
"चाकावर उभी ऱ्हायची न्हाई ही," म्हणाली,
"पाण्याला लगीच व्हय म्हणती."

अहवालात लिहिलं:
विखुरणारी चिकणमाती, निचरा नाही,
जिप्सम घालावं, चर काढावेत.
आईचं वाक्य शेऱ्यात घालणार होतो,
रकाना लहान निघाला.

जेवायच्या आधी हात धुतले, तीनदा.
तरी नखांच्या कडेला, बोटांच्या रेषांत
ती होतीच, चिकटून,
घळीत कशालाच धरून न राहिलेली.